होंकारा द्या, दहाच्या नोटा सुट्या ठेवा! सुरतच्या डायरोतल्या गमतीजमती

कंट्री म्युझिक म्हटलं की डोळ्यांपुढे अमेरिकेतलं मोकळं मैदान येतं. काऊबॉय टोप्या, गिटार, पिकअप ट्रक आणि गाव सोडून आलेल्या माणसाची हुरहुर. आता टोपीच्या जागी पागोटं आणा, गिटारच्या जागी बेंजो, ट्रकच्या जागी घोडी. हुरहुर आहे तशीच राहू द्या. झाला सुरतचा लोकडायरो!

थंडीचे दिवस, रात्रीची वेळ, वराछा किंवा कतारगामकडचं एखादं मैदान. स्टेजवर गाद्या-लोड, खाली खुर्च्यांच्या रांगा, रांगांच्या मागे सतरंज्या आणि त्यांच्याही मागे दुचाकीवर बसूनच ऐकणारी पोरं. लिंबायत-उधन्याचा एखादा खानदेशी भाऊ मित्राच्या आग्रहाने पहिल्यांदा येतो, ‘अर्धा तास बसू’ म्हणतो आणि निघताना पुढच्या डायरोची तारीख विचारून घेतो. असं काय असतं तिथे? घ्या, एकेक करून.

नावातच गोल

‘डायरो’ हा शब्द आपल्या ओळखीच्या ‘दायरा’चा भाऊ. अर्थ वर्तुळ, घेर. काठियावाडात, म्हणजे सौराष्ट्रात, पूर्वी गावातली माणसं संध्याकाळी दरबाराच्या डेलीत कोंडाळं करून बसत. मध्ये चारण किंवा गढवी, म्हणजे पिढीजात कवी-कथेकरी, गोष्ट लावी, दुहे (दोहे) म्हणे. स्टेज, माइक, लायटिंग ही सगळी नंतरची भर. आजही कलाकार उभा राहून गात नाही, मांडी घालून बसतो. वर्तुळ मोडलं, बैठक मात्र टिकली.

गावच शहरात आलंय

सुरतमध्ये काठियावाडी गाणं कुठून? तर हिऱ्यांमुळे. पाऊसपाण्याने दगा दिलेल्या अमरेली-भावनगरकडच्या खेड्यांतून हजारो घरं सुरतला आली आणि वराछा, कापोद्रा, कतारगाम, सरथाणा हे भाग जणू छोटं सौराष्ट्रच झाले. जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी जवळजवळ नऊ याच शहरात घासले जातात. घासणाऱ्याला इथे कामगार म्हणत नाहीत, ‘रत्नकलाकार’ म्हणतात. एका ‘घंटी’भोवती, म्हणजे फिरत्या चाकाभोवती, बसून दिवसभर भिंगातून ५८ पैलू बघायचे. मग रात्री उघड्या आभाळाखाली बसून सिंह, घोडी आणि वाड्यावस्त्यांच्या गोष्टी ऐकाव्याशा वाटल्या तर नवल काय? कंट्री म्युझिकला ‘कंट्री’ लागतं हे खरं, पण त्याची ओढ लागते शहरात. ज्याचं गाव सुटलं नाही, त्याला गावाचं गाणं कशाला हवं?

३७० किलोमीटरचे झाले ९०

दिवाळीत हिरेबाजार बंद झाला की अर्धं वराछा गावाकडे पळतं. पूर्वी खंभातच्या आखाताला वळसा घालत रात्रभर बसमध्ये अंग आखडून जायचं. ८ नोव्हेंबर २०२० रोजी हजिरा ते घोघा अशी वाहनं नेणारी रो-पॅक्स बोट सुरू झाली आणि सुमारे ३७० किलोमीटरचा रस्ता समुद्रातून ९० किलोमीटरवर आला. गाव जवळ आलं म्हणून गावाची गाणी कमी झाली का? छे!

तिकीट? कसलं तिकीट!

अमेरिकेत आवडत्या गायकाला मैदानात ऐकायचं तर खिसा बराच हलका होतो. सुरतमध्ये बहुतेक डायरोंना प्रवेश फुकट असतो. गोशाळा, शाळा, मंदिर, दवाखाना, गरीब मुलींचे समूहविवाह असं काहीतरी निमित्त असतं आणि त्यासाठीच मंडळी जमवलेली असतात. पुढचे सोफे देणगीदारांचे. त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो आणि तो किती वेळ चालेल हे देवालाही सांगता येत नाही. या बाबतीत महाराष्ट्र आणि गुजरात यांत काडीचा फरक नाही.

बिअर नाही, चहा!

कंट्री म्युझिक आणि बिअर यांचं लग्न लागलेलं. डायरोत मात्र चहा. गुजरातेत दारूबंदी आहे आणि गंमत म्हणजे तिचा कायदा मूळचा आपला! १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९६० मध्ये वाटणीत गुजरातकडे गेला. अर्ध्या शतकानंतर, २०११ मध्ये, त्याच्या नावातली मुंबई काढून गुजरात घातलं. पण जुना डायरो अगदीच सोवळा नव्हता बरं! तेव्हा ‘कसुंबो’ चाले. अफू पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून, एकाने आपल्या ओंजळीतून दुसऱ्याला पाजायची. दोघांचं जुनं वैर असलं तर ते कसुंब्याने मिटलं असं मानत. आता कसुंबो उरलाय तो गाण्यांत आणि किश्श्यांत.

आधी गणपती, मग बाकीचे

तमाशात पहिला ‘गण’, गोंधळात पहिलं आवाहन. डायरोतही सुरुवात बहुधा गणेशवंदनेनेच होते. मराठी कान इथेच सैल होतात: ‘अरे, हे तर आपलंच!’ त्यानंतर माताजी येतात, संत येतात, शूर येतात आणि मधूनमधून विनोद. क्रमाची छापील यादी कुणाकडे नसते. समोरचे चेहरे पाहून कलाकार गाडी वळवतो.

बेंजोची जन्मपत्रिका

अमेरिकन कंट्रीत बँजो असतो, डायरोतही ‘बेंजो’ असतो. नाव एक, खानदान वेगळं. अमेरिकन बँजोची मुळं आफ्रिकेत, गुलाम म्हणून नेलेल्या माणसांसोबत समुद्र ओलांडलेली. डायरोतला बेंजो म्हणजे आपलं बुलबुल तरंग. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे तंतुवाद्य जपानच्या ‘ताइशोगोतो’पासून आलं आणि ते १९१२ मध्ये नागोया शहरात मोरिता गोरो यांनी घडवलं. हेच वाद्य महाराष्ट्रात ‘बेंजो पार्टी’ बनून वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत नाचवतं. रितेश देशमुखचा, रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला २०१६ चा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट याच मंडळींवरचा. जपानी माणसाने शांतपणे वाजवायला केलेलं वाद्य आपण रस्त्यावर आणलं. त्याला विचारलं मात्र नाही.

गाणारा एक, होंकारा दुसऱ्याचा

डायरोतली सगळ्यात मोठी गंमत स्टेजवर नसते, खाली असते. तिचं नाव ‘होंकारो’. गोष्ट सांगणाऱ्याने एक वाक्य टाकलं की ऐकणाऱ्याने ‘हां’, ‘हो बापू’, ‘भले’ असा प्रतिसाद द्यायचा. तो आला नाही तर गोष्ट पुढे सरकत नाही. फौजेत नगारा आणि वार्तेत होंकारा हवाच, अशा अर्थाची म्हणच गुजरातीत आहे. आपल्या पोवाड्यात झीलकरी शाहिराला ‘जी जी’ म्हणत उचलून धरतात, तेच काम. फरक एवढाच की झीलकरी मंडळी शाहिराच्या सोबत उभी असतात आणि होंकारा देणारा तुमच्या शेजारच्या खुर्चीत मावा चोळत बसलेला असतो. म्हणून डायरोचा खरा चाहता ओळखायचा तो टाळीवरून नव्हे, होंकाऱ्यावरून. टाळी शेवटी वाजते, होंकारा दर वाक्याला लागतो. त्यासाठी ऐकावं लागतं!

दोहा उलटा केला की सोरठा

दोह्याची ओळ १३ आणि ११ मात्रांची. तीच उलटी करा, आधी ११ आणि मग १३, की झाला ‘सोरठा’. यमक शेवटी येत नाही, ओळीच्या मधोमध येतं. नाव पडलं ‘सोरठ’वरून, म्हणजे सौराष्ट्रावरून. एका मुलखाने छंद उलटा केला आणि त्यावर स्वतःचं नाव कोरलं. डायरोत गाणं सुरू होण्याआधी कलाकार उंच स्वरात, तालाविना, एखादा दुहा फेकतो. तबला त्या वेळी गप्प असतो आणि मैदानही.

कवी तयार करणारी शाळा

चारणांना हे सगळं उपजतच येतं, असा आपला समज. पण कच्छच्या भुजमध्ये १७४९ साली महाराव लखपतजी यांनी चक्क कवींची पाठशाळा काढली. तिथे छंदशास्त्र, अलंकार, पाठांतर यांचं रीतसर शिक्षण मिळे. स्वामीनारायण संप्रदायातले कवी ब्रह्मानंद स्वामी तिथेच शिकले. जवळजवळ दोनशे वर्षं ती चालली. ‘कविता शिकवून येत नाही’ म्हणणाऱ्यांनी भुजचं नाव लक्षात ठेवावं.

गायक होता जामीनदार

पूर्वीच्या काळी चारणाचा शब्द स्टँप पेपरपेक्षा भारी. व्यापारी तांड्यांची राखण, दोन संस्थानिकांतला करार, कर्जाची हमी, सगळीकडे तो मध्ये उभा. कुणी शब्द मोडला तर तो स्वतःला इजा करून घेई, प्रसंगी जीवही देई. त्याला ‘त्रागा’ म्हणत. चारणाच्या रक्ताचं पाप माथी येईल या भीतीने भलेभले वचन पाळत. मराठी घरांत आजही रोज कुणी ना कुणी त्रागा करतं. मुलखावेगळी गोष्ट म्हणजे तिकडे त्याने खरोखर काम होई!

घोर लागला, पण काळजीचा नव्हे

मराठीत ‘घोर’ म्हणजे जिवाला लागलेली चिंता. डायरोत ‘घोर’ म्हणजे कलाकारावर नोटा ओवाळून उधळणं. एक सद्गृहस्थ उठतात, दहाच्या नोटांचं कोरं बंडल फोडतात आणि पत्ते पिसावेत तसं गायकाच्या डोक्यावर रिकामं करतात. त्यांचं बघून दुसरे उठतात. थोड्या वेळाने हार्मोनियमही दिसेनाशी होते. स्वयंसेवक नोटा गोळा करून पोत्यांत भरतात. गायक सूर सोडत नाही. फार तर पेटीच्या भात्यात अडकलेली नोट बोटाने बाजूला सारतो.

आपल्याकडे याची बहीण आहे, तमाशातला दौलतजादा. पण दौलतजादा कलावंताचा, तर डायरोतली घोर बहुधा गायींच्या चाऱ्याला नाहीतर शाळेच्या खोल्यांना जाते. देणाऱ्याला दान केल्याचं पुण्य आणि मैदानभर मिरवल्याचं सुख, दोन्ही एकाच बंडलात.

दहाचीच नोट का?

हिशोब साधा आहे. पाचशेच्या वीस नोटा उधळल्या तर दोन क्षणांत खेळ खलास. तेच दहा हजार रुपये दहाच्या नोटांत आणले की हजार नोटा होतात. पाऊस पडायला थेंब जास्त लागतात! नोटाबंदीनंतर देश एटीएमसमोर रांगेत उभा असताना, डिसेंबर २०१६ मध्ये, सुरतच्या शेजारच्या नवसारीत एका कार्यक्रमात दहा-वीसच्या नोटांचा असाच पाऊस पडला आणि देशभर बातमी झाली. तेव्हा लोकांनी गाण्याची चौकशी केली नाही. एवढ्या सुट्या नोटा मिळाल्या कुठून, एवढंच विचारलं. रिझर्व्ह बँक मात्र वर्षानुवर्षं विनवते आहे की नोटांचे हार करू नका, मांडव सजवू नका, कुणावर उधळू नका. तिची ही विनंती डायरोपर्यंत काही पोहोचत नाही. आवाज मोठा असतो ना!

डॉलरचाही पाऊस

२०२२ च्या मार्चमध्ये कच्छच्या गीता रबारी यांचा लोकडायरो अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाला झाला. तिथल्या गुजराती मंडळींनी डॉलर उधळले. युक्रेनमधल्या युद्धग्रस्तांसाठी सुमारे तीन लाख डॉलर जमल्याच्या बातम्या आल्या. ज्या देशात कंट्री म्युझिक जन्मलं, तिथे आमची ‘कंट्री’ जाऊन तिसऱ्याच देशासाठी झोळी भरून आली.

सुरत, स्टेज आणि मराठी जोडा

सुरतमध्ये स्टेजवर काहीतरी फेकण्याची परंपरा जुनी आहे. २७ डिसेंबर १९०७. काँग्रेसचं अधिवेशन. ते खरं व्हायचं होतं नागपूरला, पण जहाल-मवाळ भांडणामुळे सुरतला हलवलं. लोकमान्य टिळक बोलायला मंचावर उभे राहिले, गोंधळ माजला आणि कुठूनतरी एक जोडा उडत आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. तिथे हजर असलेल्या हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने जोड्याचं बारकाईने वर्णन करून ठेवलंय: तांबूस चामड्याचा, टोकदार, मराठी बनावटीचा! तेव्हा फेकलं ते चामडं, आता फेकतात त्या नोटा. शहराने प्रगती केली ती अशी.

बंडखोर तिकडेही, इकडेही

१९७० च्या दशकात अमेरिकेत विली नेल्सन, वेलन जेनिंग्ज या मंडळींनी ‘आउटलॉ कंट्री’ गाजवलं. डायरोतही ‘बहारवटिया’ हवाच. राज्याने जमीन हिसकावली, अन्याय केला म्हणून रानात उतरलेला माणूस. भावनगरच्या वजेसिंहजींशी वैर धरलेला जोगीदास खुमाण त्यांतला लाडका. त्याच्या कथेत भावनगरचा राजपुत्र वारतो, तेव्हा हा बंडखोर वेश बदलून शत्रूच्याच दारी शोक करायला जातो. या प्रसंगाला मैदानातले होंकारे थांबतात. लोक डोळे पुसत असतात. खानदेशी श्रोत्याला इथे सातपुड्यातला खाज्या नाईक आठवल्याशिवाय राहत नाही.

अॅल्युमिनियमच्या कारखान्यातून लोकगीतांकडे

डायरोत सांगितल्या जाणाऱ्या अर्ध्याअधिक गोष्टी एका माणसाने वाचवल्या: झवेरचंद मेघाणी. नोकरी कुठे? तर कोलकात्यात, अॅल्युमिनियमच्या भांड्यांच्या कारखान्यात. कंपनीच्या कामासाठी इंग्लंडलाही जाऊन आले. मग सगळं सोडून काठियावाडात परतले आणि गावोगाव हिंडून म्हातारे, चारण, जात्यावरच्या बायका यांच्याकडून मिळेल ते टिपून घेतलं. ‘सौराष्ट्रनी रसधार’चे पाच भाग १९२३ ते १९२७ या काळात आले आणि १९२८ मध्ये पहिलं रणजितराम सुवर्णचंद्रक त्यांना मिळालं. आपल्या अमळनेरच्या साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’साठी ओव्या गोळा केल्या, त्याच जातीचं हे वेड.

आणि तरुणांसाठी: ‘रामलीला’ या २०१३ च्या चित्रपटातलं मोरासारखं थुईथुई नाचणारं ते गाणं आठवतं? तेही मेघाणींचंच, रवींद्रनाथांच्या बंगाली कवितेवरून गुजरातीत उतरवलेलं. गायले उस्मान मीर, ज्यांनी सुरुवात केली तबलजी म्हणून. बंगाली कविता, गुजराती कवी, हिंदी चित्रपट, मुसलमान गायक, आणि डायरोत फर्माईश आजही तीच!

स्वयंपाकघरातून पद्मश्री

अमेरिकेत रेडिओने कंट्री घरोघरी नेलं. नॅशव्हिलचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ २८ नोव्हेंबर १९२५ ला सुरू झाला तो एका विमा कंपनीच्या केंद्रावरून, आणि पहिला वादक होता ७७ वर्षांचा. सौराष्ट्रात हे काम आकाशवाणी राजकोटने केलं आणि तिथला आवाज होता हेमू गढवींचा. पस्तिशीतच ते गेले, पण जाण्याआधी एक रत्न शोधून ठेवलं. जुनागढमध्ये दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या दिवाळीबेन भील यांचा आवाज त्यांनी हेरला. दिवाळीबेनना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. साडीचा पदर डोक्यावरून ढळू न देता त्या गात आणि मैदान जिंकत.

वनेचंदचा वरघोडो आणि लंडनचं वऱ्हाड

मराठीत लक्ष्मण देशपांडे एकट्याने ५२ पात्रं उभी करून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ नेत. गुजरातीत शहाबुद्दीन राठोड ‘वनेचंदनो वरघोडो’ काढतात. दोघेही पेशाने शिक्षक, दोघांच्याही हाती एक वरात. राठोड हे थानगढचे माजी मुख्याध्यापक आणि २०२० चे पद्मश्री. दोन भाषांतल्या दोन मास्तरांनी हसवायला लग्नच निवडावं, यावर लग्न झालेल्यांनी आपापला निष्कर्ष काढावा.

सयाजीरावांच्या शाळेचं देणं

डायरोतला आजचा बडा तारा कीर्तिदान गढवी. त्यांचं संगीताचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालं. या संगीत शिक्षणाचं मूळ १८८६ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती सोपवलेल्या गायनशाळेत. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. म्हणजे गायकावर नोटा उधळणाऱ्या गर्दीत एक नोट आपल्या मालेगावकडची समजायला हरकत नाही! कीर्तिदान यांनी २०१५ मध्ये कोक स्टुडिओत संगीतकार सचिन-जिगर यांच्यासाठी ‘लाडकी’ गायलं आणि डायरोचा आवाज कॉलेजच्या पोरांच्या हेडफोनमध्ये शिरला.

चार बांगड्यांची गाडी

अमेरिकन गाण्यात ट्रक, तशी गुजराती गाण्यात मोटार. किंजल दवे यांच्या गाजलेल्या गाण्यातली ‘चार चार बंगडीवाळी गाडी’ म्हणजे दुसरं काही नाही, ऑडी! पुढच्या जाळीवरची चार वर्तुळं गावच्या नजरेला बांगड्या दिसल्या. जर्मन कंपनीने लाखो खर्चून केली नसती अशी जाहिरात एका बहिणीने भावाच्या कौतुकात करून टाकली.

अहिराणी बोलता? मग अर्धं काम झालं

डायरोत मायाभाई आहिर हे नाव मोठं. ‘आहिर’ तिकडे समाजाचं नाव आणि आपली ‘अहिराणी’ म्हणजे त्याच अहिरांची, आभीरांची बोली. गुजरातीत ‘छे’, अहिराणीत ‘शे’. त्यामुळे धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेल्या माणसाला काठियावाडी विनोद पुणेकराच्या आधी कळतो. नदीही एकच. मुलताईला उगवलेली तापी भुसावळवरून वाहत सुरतला समुद्र गाठते आणि तिच्या काठाकाठाने उधना-जळगाव रेल्वे माणसं आणते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी लिंबायत-डिंडोलीकडे कानबाई बसते, रोट होतात, रात्रभर गाणी चालतात. तो खानदेशी डायरोच म्हणा ना! बाकी सुरती माणूस स्वतः ‘सुरत’ म्हणत नाही, ‘हुरत’ म्हणतो. त्याचं बोलणं समजायला सगळ्यांनाच वेळ लागतो.

हुरडा म्हणू नका, पोंक म्हणा

डायरोचा मोसम आणि पोंकाचा मोसम एकच, थंडी. ज्वारीचा कोवळा भाजलेला दाणा, म्हणजे आपला हुरडा, सुरतमध्ये ‘पोंक’ होतो. आपण त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी खातो, सुरती लिंबू-मिऱ्याची शेव टाकतात आणि वर पोंकवडे तळतात. शेतात शेकोटीभोवती बसून खायची गोष्ट शहराने गाडीवर आणून ठेवली. गाण्याचं केलं तेच खाण्याचं.

दहाचा ठोका

जुना डायरो उजाडेपर्यंत चाले आणि शेवट होई प्रभातियांनी. पंधराव्या शतकातल्या नरसी मेहतांची ही पहाटगाणी, म्हणजे आपली भूपाळीच. त्यांतली बरीचशी ३७ मात्रांच्या झूलणा छंदात, नावाप्रमाणेच झुलणारी. आता मध्ये कायदा आलाय. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ मैदानात लाउडस्पीकर बंद, आणि राज्य सरकार वर्षातले फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. शहरात म्हणून घड्याळाकडे बघत गावं लागतं. शेजारच्या इमारतीत उद्या परीक्षा असलेलं पोर असतं, त्याचंही खरं आहे.

पहिल्यांदा जाताय? एवढं करा

एक, पोटभर जेवून जा. सत्कार लांबतो. दोन, स्टेजच्या अगदी पुढे बसू नका. नोटा गोळा करणाऱ्यांच्या पायात याल. तीन, उधळायचंच नसेल तर पैसे सरळ दानपेटीत टाका. गायीला चारा तितकाच मिळतो आणि रिझर्व्ह बँकेलाही बरं वाटतं. चार, मोबाईल वर धरून रेकॉर्डिंग करत बसू नका. हात गुंतला की कानही गुंततो. आणि पाचवं, सगळ्यांत महत्त्वाचं: कलाकाराने वाक्य टाकून क्षणभर तुमच्याकडे पाहिलं, तर गप्प राहू नका. गुजराती येत नसेल तर मराठीत म्हणा, अहिराणीत म्हणा, पण ‘हां’ म्हणा. गोष्ट तुमच्यासाठीच थांबलेली असते.